बाळोजी माघारी का फिरला

आमच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा कोणीही असो, ताटातली भाकरी संपायच्या आत त्याला यारकंदच्या वाटेवर जाऊन यावंच लागे. माझे वडील, म्हणजे अप्पा, ताटाचाच नकाशा करत. भाकरी म्हणजे पंजाबचं सपाट मैदान. तिच्या कडेला झुणक्याचा ढीग रचला की झाला हिमालय. त्यावर चमचाभर दही ठेवून ते पाहुण्याला म्हणत, “ह्यो बर्फ. खायचा न्हाय अजून, थांबा.” आणि ताटाच्या पार पलीकडच्या कडेला हिरव्या मिरचीचा खर्डा, ते यारकंद, हिमालयापलीकडचं व्यापाराचं शहर. पाहुणा बिचारा हात वर धरून बसलेला. आतून अव्वा, म्हणजे माझी आई, ओरडायची, “अवो, त्यांस्नी जेवू द्या की! साकु आता, साकु!” साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात रागवायचं ते कन्नडात आणि समजूत घालायची ती मराठीत, असा रिवाज होता. पण अप्पांचं बोट एकदा भाकरीवरून निघालं की ते थांबायचं नाही. झुणका चढायचं, दही ओलांडायचं, खर्ड्याच्या अगदी जवळ जायचं, आणि तिथून, एक बोटभर अंतर राहिलं असताना, मागं वळायचं. “हितनं बाळोजी माघारी फिरला,” असं म्हणून अप्पा बोट उचलायचे. मग पाहुण्यानं जेवायचं. अप्पांच्या स्वतःच्या ताटातला खर्डा मात्र रोज तसाच राहायचा आणि अव्वा रोज त्यावरून बडबडायची.

हा बाळोजी मुरगूडकर कोण, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि गल्लीबाहेर कुणालाही नाही. शंभर वर्षांपेक्षा जुना माणूस. बाप मुरगुडात घोड्यांना नाल ठोकायचा. हा पोरगा फौजेच्या तट्टांबरोबर उत्तरेला गेला, सरहद्दीवर पोचला, तिथं चाकरी सोडली आणि लेहहून यारकंदला जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यात घुसला. मनुके, चहा, कापड लादलेली तट्टं आणि महिनोन्‌महिने नुसते डोंगर. परत आल्यावर त्यानं त्या सगळ्याचं एक प्रवासवर्णन लिहिलं, आणि त्याची एक प्रत अप्पांना तरुणपणी रद्दीच्या दुकानात सापडली. बाळोजी लिहायचा मोठा खट्याळ. लोणी आणि मीठ घातलेला चहा पहिल्यांदा प्यायल्यावर त्याला जे वाटलं ते अप्पा वाचून दाखवायला लागले की आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. पण पुस्तकाचा शेवट हसायचा नाही. शेवटच्या खिंडीच्या तोंडाशी त्याचा सोबती करीम, लडाखी घोडेवाला, बर्फाच्या चकाकीनं आंधळा झाला. तांडा कुणासाठी थांबत नसतो. तांडा पुढं गेला. बाळोजीनं करीमचा हात धरला आणि आलेली सगळी वाट त्याला घेऊन तो परत उतरला. यारकंद त्यानं कधीच पाहिलं नाही. मुरगुडाला येऊन तंबाखू पिकवला, पुस्तक लिहिलं आणि म्हातारा होऊन वारला.

आता थोडं अप्पांविषयी. कोल्हापुरात राजारामपुरीत रस्त्याकडेला आमचं दुकान आणि मागं घर. दुकानात शाळेत लागणारे भिंतीवरचे नकाशे, पृथ्वीचे गोल, माणसाच्या आतड्यांचे तक्ते. घरभर वॉर्निशचा वास. काठीला गुंडाळलेले नकाशे खांद्यावर टाकून अप्पा एसटीनं शाळाशाळांतून हिंडायचे. आज मुरगूड, उद्या शाहूवाडी. गाडीत शेजारचा हटकून विचारायचा, “पावणं, बंदूक हाय का काय त्यात?” अप्पा म्हणायचे, “बंदूक न्हाय, अख्खा आशिया खंड हाय.” अशा या माणसानं सगळं जग विकलं, पण स्वतः दक्षिणेला बेळगाव आणि पूर्वेला मिरज, याच्यापुढं पाऊल टाकलं नव्हतं. तरुणपणी एकदा निघाले होते म्हणे. दिल्लीला नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली होती. मिरजेपर्यंत गेले आणि तिथं कळलं की त्यांचे वडील आजारी आहेत, म्हणून परत फिरले. घरात ही गोष्ट बाळोजीच्या गोष्टीच्या पाठोपाठ, तशाच आदरानं सांगितली जायची. मिरज स्टेशनात त्यांना तो निरोप कुणी आणून दिला, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

घर सकाळी पाचला जागं व्हायचं. अव्वा बाहेरगावाहून क्लासला आलेल्या पोरांना डबे द्यायची. काटवटीवर भाकरी थापल्याचा आवाज हेच आमचं गजराचं घड्याळ. ज्वारीची भाकरी, मुद्दा भाजी, शेंगदाण्याची चटणी, सोमवारी ताकातली आमटी. बाहेर रिक्षांची फटफट सुरू व्हायची, समोरच्या तालमीतून जोर-बैठकांचे हुंकार यायचे, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या पाय हलवत असायची. मला एका जागी बसवायचंच नाही. भाकरीचा डबा पोचवायला निघाले की सरळ रस्ता सोडून लांबचा धरायची. गॅसवर दूध ठेवून गच्चीवर जायची आणि दूध उतू गेल्यावर शिव्या खायला खाली यायची. अव्वा म्हणायची, “ह्या पोरीच्या पायाला भिंगरी हाय.” माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी लग्न करून निपाणी आणि गडहिंग्लजला गेल्या, तेव्हा मला हेवा वाटला तो नवऱ्याचा नव्हे, एसटीच्या खिडकीचा. आज पन्नाशी उलटल्यावरही तेच आहे. हे लिहितानासुद्धा मी मघापासून चारदा उठून दारात जाऊन आले.

कॉलेजात गेले आणि गिर्यारोहणाचा एक गट होता त्यात नाव घातलं. सुट्टीत पन्हाळ्याच्या आसपासच्या कड्यांवर दोर बांधून चढायचं, गुडघे फोडून घ्यायचे आणि घरी सांगायचं की जिन्यावर पडले. दुसऱ्या वर्षी आमच्या गटाच्या मॅडमनी मला हिमालयातल्या शिबिरासाठी निवडलं. महिनाभराचं शिबिर, गणपती झाल्या झाल्या निघायचं. कॉलेजातून तीनच पोरी. मी पळतच घरी आले. मला वाटलं, अप्पा नाचतील. ज्या घरात रोज ताटात हिमालय वाढला जातो तिथं दुसरं काय होणार!

अप्पा नकाशाला काठी ठोकत होते. ठोकता ठोकता म्हणाले, “जायचं न्हाय.”

“अप्पा, हिमालय आहे. खराखुरा. दह्याचा नव्हे.”

“म्हाईत हाय मला हिमालय. मी शिकवतोय लोकांना. जायचं न्हाय म्हणजे न्हाय.”

“मग बाळोजी कसा गेला?”

“बाळोजी पुस्तकात गेला,” अप्पा म्हणाले. खरं तर बाळोजी आधी गेला आणि मग पुस्तक झालं, पण एवढं भान त्या वेळी त्यांना नव्हतं आणि मलाही. अव्वा पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. ती म्हणाली, “पोरगी मागत्याय काय, तर डोंगर. दागिना तर न्हाय मागत?” अप्पा उठून एसटी स्टँडला निघून गेले. त्या दिवसापासून आम्ही बापलेक एकमेकांशी अव्वामार्फत बोलायला लागलो. “तिला म्हणावं चहा दे.” “त्यांना म्हणावं ठेवलाय.” अव्वा मध्ये उभी राहून कपाळावर हात मारायची.

अशात समोरच्या तालमीचा अध्यक्ष उमेशदादा दुकानात आला. उमेशदादा पैलवान, कान चुरगळलेले, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. गणपतीत आमच्याकडं मंडळामंडळांत सजीव देखाव्यांची चढाओढ असते. माणसं नटून मंचावर उभी राहतात, मागून कॅसेटवर गोष्ट चालते, आणि सगळं कोल्हापूर पायी हिंडत ते बघायला येतं. उमेशदादा म्हणाला, “अप्पा, औंदा काय तरी येगळं करायचं हाय. त्येच त्येच देखावं बघून लोक कंटाळल्यात. तुमचा त्यो बाळोजी द्या की.”

अप्पांचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. दुकानाचं शटर त्यांनी भरदुपारी खाली ओढलं आणि उमेशदादाला आत बसवून अव्वाला भाकरी वाढायला लावली. परत तोच झुणका, तेच दही. उमेशदादानं ऐकता ऐकता हिमालय केव्हाच खाऊन टाकला. अप्पांनी आठवडाभर बसून निवेदन लिहिलं. मंचावर बांबू आणि पोत्यांचा डोंगर उभा राहिला, त्यावर थर्माकोलचा बर्फ. बाळोजी अर्थात उमेशदादा. करीमचं काम गल्लीतल्या हारूनचाचांनी घेतलं. हारूनचाचा शिंपी, दरसाल गणपतीच्या मखराचे पडदे तेच शिवायचे. काडीसारखा माणूस, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी लोकरीचे दोन लांब कोट शिवले, आणि कोल्हापूरच्या त्या उकाड्यात उमेशदादा कोट घालून उभा राहिला की पायाखाली घामाचं तळं साचायचं. तट्टू कुठून आणायचं हा प्रश्न होता. शेवटी वरातीची पांढरी घोडी आणली. तिचं नाव चांदणी. देखाव्याच्या सरावाला वाऱ्याच्या आवाजावर ती इतकी गरीब उभी राहायची की अप्पा म्हणाले, “खरी लडाखी वाटत्याय बगा.”

भांडण झालं ते शेवटावरून. खिंडीपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग अप्पांच्या निवेदनाप्रमाणं करीमला घेऊन बाळोजीनं उतरायचं होतं. उमेशदादा डोंगरावरच थांबला.

“म्हंजे? पोचतच न्हाय?”

“न्हाय पोचत,” अप्पा म्हणाले.

“आन्‌ हे आमी आमच्या तालमीच्या मंचावर दाखवायचं? आवो, आमच्यात लंगोट बांधल्यावर माघार म्हणायचं न्हाय. शेवटाला निशाण लागलं पायजे, हलगी वाजली पायजे. पब्लिक जयजयकार करणार कशाचा? करीमच्या डोळ्याचा?”

“उमेश, घडलंय तसं दाखवायचं. त्याची माघार हीच तर त्याची मोठी गोष्ट हाय.”

उमेशदादा मनानं वाईट नव्हता, पण बोलण्यात गाळणी नव्हती. तो वरूनच म्हणाला, “अप्पा, राग मानू नका, माघारी आल्याचं तुमास्नीच एवढं कौतुक कशापायी? आं? तुमी तरी कुठं गेलाय? मिरजंपतोर गेलता आन्‌ आलासा. त्येला काय देखावा करायचा व्हय?”

पोरं हसली. हारूनचाचा तेवढे म्हणाले, “ए उमेश, तोंड संभाळ.”  हातातली कागदं अप्पांनी मंचाच्या कडेला ठेवली आणि रस्ता ओलांडून दुकानात गेले. मी पडद्यामागं कॅसेट लावायच्या कामाला होते. मला अप्पांचा राग होता, तरी त्या क्षणी उमेशदादाला त्या थर्माकोलसकट खाली ढकलावं असं वाटलं. पण खरं सांगू? त्याचा प्रश्न माझ्याही मनात जाऊन बसला. मी कैक वर्षं ती गोष्ट ऐकत होते, आणि माघारी येण्याचं एवढं काय, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मंडळानं शेवट बदलला. कुस्तीच्या मैदानात पुकारा करणाऱ्या एका रिक्षावाल्याच्या भरदार आवाजात नवी कॅसेट झाली. बाळोजी खिंड चढतो, निशाण रोवतो, हलगी कडाडते, यारकंदचे लोक त्याच्या गळ्यात हार घालतात. अप्पांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि देखाव्याकडं पाठ करून बसायला लागले. अव्वानं त्या दिवशी पुरणाचे कडबू केले होते, तेही त्यांनी अर्धे तसेच टाकले. मी मात्र मंडळाचं काम सोडलं नाही. घरी बसले असते तर शिबिराचं सामान भरणाऱ्या दोघी मैत्रिणी डोळ्यांपुढं आल्या असत्या. निघायला दोन आठवडेही राहिले नव्हते आणि माझं उत्तर मॅडमना अजून गेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी रस्ता माणसांनी भरून गेला. बापांच्या खांद्यावर पोरं, पिशव्यांत कणसं, समोर भेळेच्या गाड्या. पडदा उघडला. वाऱ्याचा आवाज, निळा दिवा, लोक एकदम चूप झाले. डोळ्यांवर पट्टी बांधलेले हारूनचाचा चांदणीचा लगाम धरून अडखळत चढत होते. उमेशदादा निशाण घेऊन शेंड्यावर पोचला. कॅसेटवर रिक्षावाला गर्जला आणि पाठोपाठ हलगी-ताशा सुरू झाला.

आता इथं एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. तालीम सगळी वाऱ्याच्या आवाजावर झाली होती. आणि चांदणी ही वरातीची घोडी. हलगी वाजली की नाचायचं, एवढंच तिला आयुष्यात शिकवलेलं. हलगीचा पहिला ठोका पडला आणि चांदणीनं कान ताठ केले. दुसऱ्याला मान डोलवली. तिसऱ्याला पुढचे दोन्ही पाय उचलून ती हिमालयात नाचायला लागली. बर्फाचे ठोकळे उडाले. डोंगर गदागदा हलायला लागला. पब्लिक हसून हसून लोळायच्या बेताला आलं, शिट्ट्या सुरू झाल्या. नाचता नाचता तिचा पाय वायरीत अडकला, माझ्या समोरचा टेप स्टुलावरून खाली आदळला आणि आवाज बंद. पण चांदणीला थोडीच कॅसेट लागते? शिट्ट्यांवर ती नाचतच राहिली.

आणि हारूनचाचांना काही दिसत नव्हतं. पट्टी त्यांनी स्वतःच घट्ट बांधलेली, नाटक खरं वाटावं म्हणून. लगाम हाताला गुंडाळलेला. घोडी फिरेल तसे ते फरफटत होते आणि मंचाची कड त्यांच्या टाचेशी आली होती. मंच पुरुषभर उंच, खाली लोखंडी खांब. “उमेश!” चाचा ओरडले. “अरे उमेश, कुठाय तू? मला दिसत न्हाय रे!” लोकांना वाटलं तेही नाटकच. ते आणखी हसले. 

उमेशदादानं खाली बघितलं. निशाण त्याच्या हातातच होतं. ते त्यानं टाकून दिलं, सरळ टाकून दिलं, आणि पोत्यांच्या उतारावरून बसत घसरत खाली आला. एका हातानं त्यानं चांदणीचा लगाम आवळला, दुसऱ्यानं चाचांना कडेवरून आत ओढलं. चाचांचा पाय मुरगळला होता, त्यांना उभं राहता येईना. उमेशदादानं त्यांना पाठीवर घेतलं आणि तो घाबराघुबरा डोंगराच्या पायथ्याशी तसाच उभा राहिला. आता पुढं काय करायचं त्याला कळेना. हसणं हळूहळू थांबलं.

माईक माझ्याजवळ होता. तो चालू होता, कारण त्याची वायर वेगळी होती. मी तो उचलला.  मी म्हणाले, “बाळोजी हितनं माघारी फिरला.” रस्त्यावरच्या सगळ्या कर्ण्यांतून माझा आवाज माझ्याच अंगावर आला. मग मला अप्पांचं निवेदन आठवायला लागलं, सगळं तोंडपाठ होतं. यारकंद समोरच्या डोंगराच्या पलीकडं होतं, करीमचे डोळे गेले होते, तांडा पुढं गेला होता, आणि बाळोजीनं करीमला सोडलं नाही. उमेशदादा ऐकत ऐकत चाचांना पाठीवर घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरायला लागला. लोकांनी वाट करून दिली. कुठं तरी एक बाई डोळे पुसत होती. मला तिथं थांबता आलं असतं, अप्पांचं निवेदन तिथंच संपत होतं. पण माझ्या आतलं सगळं तोंडाशी आलं होतं. मी समोरच्या अर्ध्या ओढलेल्या शटरकडं बघत म्हणाले, “माघारी फिरला म्हणून बाळोजीला कुणी कमी म्हणायचं नाही. पण माघारी फिरायला आधी घरातनं निघावं लागतं. बाळोजी घरातनं निघाला होता. त्याला कुणी अडवलं नव्हतं.”

तालमीच्या पोरांनी जयजयकार केला, तो नक्की कशाचा हे त्यांनाही माहीत नसावं. बाकी आठवडाभर देखावा त्याच शेवटानं झाला, हारूनचाचा पायाला पट्टा बांधून रोज उमेशदादाच्या पाठीवर बसले, आणि चांदणीला मंडळानं मानानं परत पाठवलं. उमेशदादा दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन अप्पांच्या पायाला हात लावून गेला. जाताना अव्वानं दिलेला चहा प्यायला.

पहिल्या देखाव्याच्या त्या रात्री मी घरी आले तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. अव्वा भाकरी थापत होती. मी येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.  मला वाटलं, आता कानाखाली बसणार. भर रस्त्यात, कर्ण्यावरून बापाला ऐकवलं होतं मी. अप्पांनी ताटाकडं बघतच अव्वाला विचारलं, “तिला म्हणावं, लोकरीचं काय हाय का तिच्यापाशी? तिथं थंडी लई असत्याय.”

अव्वाचा हात थांबला. ती म्हणाली, “तुमचं तुमीच इचारा. मी काय टपालवाली न्हाय.”

अप्पांनी मान वर केली. “हाय का गं?”

“न्हाय,” मी म्हणाले आणि रडायला लागले. चांगली मोठी घोडी, पण लहान पोरीसारखी रडले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हारूनचाचांनी बाळोजीचा तो लांब कोट उसवून माझ्या मापाचा करायला घेतला.

निघायच्या दिवशी सकाळच्या रेल्वेगाडीला अप्पा माझ्याबरोबर चढले. मॅडम आणि दोघी मैत्रिणी आदल्या दिवशीच पुण्याला गेल्या होत्या, तिथून पुढं आम्ही एकत्र जाणार होतो. अप्पांनी अव्वाला सांगितलं होतं, “मिरजंपतोर सोडून येतो.” अव्वानं दशम्या, चटणी आणि खर्ड्याची डबी बांधून दिली. गाडीत अप्पा खिडकीशी बसले. ऊस, नदी, जयसिंगपूर, सगळं गेलं. मिरज आलं. मी म्हणाले, “अप्पा, उतरा आता.” अप्पा उठले, दारापर्यंत गेले, दांडा धरून उभे राहिले.

ज्यांनी हा प्रवास केला नसेल त्यांना सांगते. त्या दिवसांत मिरजेला गाडी बराच वेळ थांबायची. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत, आणि मग गाडी आलेल्या बाजूलाच तोंड करून बाहेर पडे. थोडं पुढं जाऊन रूळ वेगळे होत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटायचं, चाललो परत कोल्हापूरला. इंजिन जोडल्याचा हिसका बसला. अप्पा दारातच. गाडी उलट्या बाजूला हलली आणि त्यांच्या हाताच्या शिरा दांड्यावर तट्ट फुगलेल्या मला दिसल्या. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. “अप्पा, उतरताय का? गाडी चालली!”

“न्हाय,” ते म्हणाले. फलाट मागं सरकला, संपला, आणि मग ते माझ्याबरोबर आत येऊन बसले. अंगाला घाम फुटला होता. खिशातून त्यांनी तिकीट काढून दाखवलं, पुण्यापर्यंतचं. “काढून ठिवलं होतं,” ते म्हणाले. “जमलं तर जमलं.” मग खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, “तवा माझा बाप आजारी नव्हता गिरिजा.”

मी दशम्यांची पिशवी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ सरकले.

“गाडी उलटी निघाली. मला वाटलं, चुकीच्या गाडीत बसलो, परत कोल्हापूरला चालली. उडी मारली खाली. दिल्लीची गाडी कुठली म्हणून हमालाला इचारलं, तर तो म्हणाला, ती काय गेली. ट्रंक, वळकटी, समदं घिऊन गेली. कुणाला सांगायचं हे? नकाशे काढायची नोकरी लागलेला माणूस, आन्‌ त्याला गाडीची दिशा कळली न्हाय. मग बाप आजारी हाय म्हणून सांगितलं. एकदा सांगितलं ते सांगितलंच. परत कोण इचारंल म्हणून परत कधी निघालोच न्हाय.”

मला हसू येत होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. मग आम्ही दोघं त्या डब्यात इतके हसलो की समोरची म्हातारी जागा बदलून बसली. अप्पांनी दशमी काढली, खर्ड्याची डबी उघडली आणि चांगला मोठा घास खर्ड्यात बुडवून खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. “झणझणीत केलाय अव्वानं,” ते म्हणाले. “रोज असाच करती का?” पुढं पुण्यापर्यंत ते खिडकीला नाक लावून होते. कुठली नदी, कुठला घाट, हे ते मला सांगत होते, स्टेशन यायच्या आधीच स्टेशनचं नाव घेत होते. नकाशात सगळं पाठ होतं, फक्त बघितलेलं नव्हतं.

पुण्याला फलाटावर मॅडम हात हलवताना दिसल्या. माझ्या पाठीवर सॅक, अंगात बाळोजीचा कोट, भर उन्हात. अप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं, परत काढलं. पुढं मी खूप डोंगर पाहिले. काही चढले, दोनदा शिखर समोर दिसत असताना माघारीही फिरले, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन ताटात सगळं मांडून दाखवलं. अप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिले, दह्याला हात न लावता. पण मला आठवतात ते त्या फलाटावरचे अप्पा. पिशवी काखेत, धोतराचा सोगा हातात, गर्दीत मान उंच करून इकडंतिकडं बघणारे. मी पाया पडले तर म्हणाले, “जा तू. जा.” मग कोल्हापूरची गाडी कुठं लागते ते त्यांनी पाटीवर स्वतःच वाचलं आणि माझ्याकडं वळून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मी आता हितनं माघारी फिरतो!”